बाहेरची काच

माजिवड्यात तीन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग, नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रोड. या पट्ट्यात एके काळी रंगांचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने होते. गोल्डन डाईज नाका, सँडोझ बाग ही नावं अजून पत्त्यांत लिहिली जातात. कारखान्याच्या गेटावर सभा व्हायच्या, पत्रकं वाटली जायची. पाळी सुटली की माणसं घोळक्यानं बाहेर पडायची आणि चहाच्या टपरीवर एकमेकांचा पगार एकमेकांना कळायचा. आता तिथं उंच टॉवर आहेत. टॉवरलाही गेट आहे आणि सकाळी सातपासून त्या गेटातून शेकडो बायका कामाला जातात. पण प्रत्येक जणी एकेकटी जाते. लिफ्टमधून आपापल्या माळ्यावर उतरते आणि बंद दाराआड काम करते. कुणाला किती मिळतात, कुणावर काय बेतलं, हे दुसरीला कळायला जागाच नाही.

ही गोष्ट त्यातल्या एका मावशीची.

मावशी जालन्याकडची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ठाण्याला आली ती इथलीच झाली. गावठाणामागच्या चाळीत एक खोली, नवऱ्याची पाठ कामातून गेलेली, मुलगी कॉलेजात. मावशीची पाच घरं होती. तीन घरी धुणीभांडी, दोन घरी केरफरशी. दिवाळीच्या आधी त्यात वरकड कामं वाढायची. पंखे, माळ्यावरचे डबे, जाळ्या, काचा.

एकोणिसाव्या माळ्यावरच्या घरात मोठ्या सरकत्या काचा होत्या. आतून पुसायला काहीच नाही. बाहेरून पुसायच्या तर एक काच बाजूला सारायची, चौकटीवर बसायचं, एक पाय आतल्या पलंगाच्या दांडीत अडकवायचा, डाव्या हातानं चौकट धरायची आणि उजवा हात फडक्यासकट जाईल तितका लांब न्यायचा. मावशी खाली बघायची नाही. पाच वर्षं करत होती आणि तिला त्याचा अभिमान होता. टॉवरमधल्या बाकीच्या बायका कोपऱ्यातली धूळ तशीच सोडायच्या. हिच्या काचेवर डाग दिसायचा नाही.

घरातली वहिनी वाईट नव्हती. मुलीच्या फीसाठी तिनं दोनदा उचल दिली होती. मावशी चौकटीवर बसली की ती जवळ येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “सांभाळून हं, मावशी.” सांभाळून म्हणण्यापलीकडे आपल्याला काही करता येतं, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. मावशीच्याही आलं नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच अपघातांच्या मागे दुष्टपणा नसतोच. एवढंच असतं.

चाळीत अधूनमधून घरकामगारांच्या संघटनेची ताई यायची. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या मंडळात नाव नोंदवायचं आणि ते दर वर्षी जिवंत ठेवायचं, हे ती बायकांच्या कानीकपाळी ओरडून सांगायची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सरकारनं नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेव्हा मावशीच्या कार्डाची मुदत संपलेली होती. तेव्हापासून ती ताईचं ऐकायची.

एकदा ताई म्हणाली, “रविवारी दुपारी तीनला फोनवर वर्ग आहे. दुसऱ्या देशातल्या घरकाम करणाऱ्या बायका असतील. त्या बोलतात ते हिंदीत सांगायला माणूस आहे. येशील का?”

“रविवारी?” मावशी म्हणाली. “रविवारी सगळी माणसं घरी असतात, ताई. भांडी दुप्पट. तीन ते चार तेवढा एक तास मिळतो पाठ टेकायला.”

“तोच तास दे.”

मावशीनं दिला. मुलीचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, शेजारच्या दोघींना बोलावलं. पडद्यावर चौकोन उघडले. एका चौकोनात दक्षिण आफ्रिकेतली एक बाई, तिच्याकडे सकाळचे साडेअकरा. दुसऱ्यात हाँगकाँगची, तिच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. ही मूळची फिलिपिन्सची. हाँगकाँगमध्ये परदेशातून आलेल्या घरकामगार बायका तीन लाखांहून जास्त आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. ती रस्त्याच्या कडेला पुठ्ठा अंथरून बसली होती आणि मागे तिच्यासारख्याच कितीतरी बायका डबे उघडून, केस विंचरत, गप्पा मारत बसलेल्या दिसत होत्या.

“हिला काढून टाकलं का घरातून?” शेजारणीनं विचारलं.

हिंदीत सांगणाऱ्यानं प्रश्न पोचवला. ती बाई हसली. काढलं नव्हतं. तिची सुट्टी होती. सात दिवसांत एक दिवस सुट्टी द्यायचीच, असा तिथला कायदा आहे. मालकाच्या घरातच राहायची सक्ती असल्यामुळे त्या दिवशी त्या बायका घराबाहेर पडतात आणि चौकात, पुलाखाली, बागेत एकत्र बसतात. तिथंच त्यांच्या संघटना वाढल्या.

मावशी बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत होती. दुसरी मायदेश सोडून गेलेली, मालकाच्या घरात झोपणारी, आणि तिला रविवार आहे. आपण आपल्या घरी, आपल्या राज्यात, आणि आपल्याला नाही.

वास्तविक हा रविवार या देशात मिळवून देणारा माणूस ठाण्याचाच. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये ठाण्यात जन्मले, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवलं, गिरणी कामगारांची सभा उभी केली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. गिरणीला मिळालेला तो रविवार घरकामाच्या उंबऱ्याशी थांबला. जून २०११ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती त्यात लिहिलेली आहे. भारत सरकारनं तेव्हा बाजूनं मत दिलं. तो करार आपल्या देशाला लागू करून घेणं मात्र राहिलेलंच आहे. हे मला बोचतं, आणि वाचणाऱ्यालाही बोचावं असं वाटतं. कारण त्या रविवारी भांडी दुप्पट होतात ती आपल्याच घरात.

पहिल्या वर्गात एवढंच झालं. ओळखी झाल्या, तास मोजायची वही करायचं ठरलं. मावशी गेटातून कधी आत गेली, कधी बाहेर पडली, हे सोसायटीच्या अ‍ॅपवर घरमालकाला दिसतं. तिला दिसत नाही. म्हणून मुलीनं तिला एक वही आखून दिली. घर, यायची वेळ, जायची वेळ, सांगितलेलं काम, जास्तीचं काम. मावशीला अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, पण आकडे ती भराभर लिहायची.

दुसऱ्या वर्गाच्या वेळी दिवाळी महिन्यावर आली होती. वर्ग धोक्याच्या कामांवर होता. हाँगकाँगच्या बाईनं विचारलं, “तुमच्याकडे उंच इमारतीत बाहेरची काच कोण पुसतं?”

मावशीनं हात वर केला. “मी पुसते. एकोणिसावा माळा. बाहेरून, अख्खी. एक डाग राहत नाही.”

पलीकडे कुणी काही बोललं नाही. मग हाँगकाँगच्या बाईनं सांगायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बायका अशाच काचा पुसताना पडायच्या. २०१६ मध्ये एका मागोमाग मृत्यू झाले, तेव्हा फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. मालकांच्या एजन्सीवाल्यांचा विरोध होता. तरी १ जानेवारी २०१७ पासून तिथल्या सरकारी करारनाम्यात एक कलम आलं. तळमजल्यावरची, बाल्कनीलगतची किंवा सामाईक पॅसेजलगतची खिडकी सोडली, तर बाहेरच्या बाजूची काच घरकामगारानं पुसायची ती खिडकीला ग्रिल असेल आणि ते घट्ट बंद असेल तरच. हात सोडून अंगाचा कोणताही भाग चौकटीबाहेर जाता कामा नये. सिंगापूरमध्ये त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, असाच नियम झाला होता, आणि हाँगकाँगच्या बायकांनी भांडताना तो पुढे ठेवला होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या बाईनं आणखी एक सांगितलं. मारिया महलांगू नावाची घरकामगार प्रिटोरियात एकाच कुटुंबाकडे बावीस वर्षं कामाला होती. दृष्टी अधू झालेली. ३१ मार्च २०१२ रोजी ती मालकाच्या घरी काम करताना पोहण्याच्या तलावात पडली आणि बुडाली. तलावाला कठडा नव्हता. मुलगी नुकसानभरपाई मागायला गेली, तर कळलं की कामावर झालेल्या इजेच्या भरपाईचा कायदा घरकामगारांना लागूच नाही. संघटनेनं ती केस सोडली नाही. १९ नोव्हेंबर २०२० रोजी तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला की घरकामगारांना वगळणं घटनेविरुद्ध आहे, आणि हा निकाल मागच्या तारखांनाही लागू केला. हे सांगणाऱ्या बाईच्या संघटनेच्या पुढारी मर्टल विटबॉय स्वतः केप टाउनमध्ये घरकाम केलेल्या होत्या. २०१३ मध्ये जगभरच्या घरकामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा पहिल्या अध्यक्ष त्याच झाल्या.

वर्ग संपला. मावशी उठून कामाला गेली. संध्याकाळच्या घरात भांडी घासताना तिचे हात थरथरत होते. पाच वर्षं जे केलं त्याची भीती तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

आठवड्यानं वहिनी म्हणाली, “मावशी, यंदा काचा जरा लवकर घेऊया.”

“वहिनी, आतून करते. बाहेरून नाही करायची.”

“का गं? काय झालं?”

मावशीनं हाँगकाँगचं सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “ते तिकडचं झालं. इथं सगळ्या करतात. बी विंगमधली ती नवीन आहे ना, बंगाली, ती करते. तीनशे जास्त घेते फक्त. मी काही जबरदस्ती करत नाही, पण मग मला दुसरी बघावी लागेल.”

मावशी रात्री चाळीत आली आणि तिनं बायकांना हे सांगितलं. बायकांनी मान डोलावली. “खरंच आहे,” एक म्हणाली. “आपण नाही म्हटलं की ती बंगालीण येणार. त्यांना पोटाची पडलेली असते, त्या काहीही करतात.” दुसरी म्हणाली, “हाँगकाँगच्या बाईला सांग, तिथं तुझं ऐकणारं सरकार आहे म्हणावं.”

मावशीनं ते खरंच सांगितलं. रविवारच्या वर्गात ती म्हणाली, “आमच्याकडे दुसरी करते. मी नाही केलं तर ती करेल.”

हाँगकाँगच्या बाईनं विचारलं, “तुम्ही तिला विचारलंत का?”

“कुणाला?”

“त्या दुसरीला.”

मावशीला उत्तर सुचेना. समुद्रापलीकडच्या बाईशी ती चार रविवार बोलत होती. बी विंग तिच्या घरापासून दहा मिनिटांवर होती आणि त्या बंगाली बाईशी ती एक शब्द बोललेली नव्हती. लिफ्टमध्ये भेटली तर दोघी आकड्यांकडे बघायच्या.

तेव्हा ताई मधे बोलली. एरवी ती वर्गात फारसं बोलत नसे. “बायांनो, मालक म्हणतो दुसरी करते, तेव्हा घाबरायच्या आधी एक काम करायचं. त्या दुसरीला जाऊन विचारायचं. ती रस्त्यापलीकडे असो नाहीतर समुद्रापलीकडे. आपण तिला विचारत नाही, म्हणून तिचा धाक आपल्याला आणि आपला धाक तिला दाखवता येतो.”

या गोष्टीत सांगण्यासारखं जे आहे ते हेच आहे. संघटनांचं देशोदेशी जाळं विणायची धडपड आजची नाही. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवणारे नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेत जगासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले, हिंदुस्थानासाठी मात्र आठवड्याला साठ. इथलं हवामान वेगळं, इथला मजूर वेगळा, अशी कारणं तेव्हाही होती. पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली. दुसऱ्या देशात काय मिळतं हे कळल्याशिवाय आपल्याला काय मिळत नाही हे कळत नाही, आणि ते कळायला तेव्हा समुद्रप्रवास करावा लागे. आता तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन पुरतो. पण फोन फक्त कळवतो. पुढचं चालून जाणं पायांनीच करावं लागतं, आणि ते बहुधा लांबच्या देशाकडे नसून बी विंगकडे असतं. ऑनलाइन वर्गांची आज लाट आहे. मोठमोठ्या संस्था कामगारांसाठी अभ्यासक्रम काढतात, प्रमाणपत्रं देतात, ते चांगलंच आहे. मी एवढंच म्हणेन की वर्गानंतर कोण कुणाच्या दारात गेलं, हे त्या वर्गाच्या परीक्षेत विचारलं पाहिजे.

मावशी गेली. सोमवारी सकाळी गेटाबाहेर थांबली. ती बंगाली बाई माल्द्याची. तिची हिंदी तुटक, मावशीचीही. मावशीनं हाक मारली तेव्हा ती आधी मागे सरली. अनोळखी माणूस बोलायला आला की कागद मागणार, अशी तिला सवय झाली होती. मग बरोबर आलेल्या मुलीनं मराठीत बोलून फोनकडून बंगालीत ऐकवलं, “माझ्याकडे म्हणतात तू बाहेरची काच पुसतेस. खरं का?”

माल्द्याच्या बाईनं फोनकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. “आमाके बोले,” ती म्हणाली आणि पुढचं बंगालीत भराभर बोलली. फोननं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. तिला तिची मॅडम म्हणते की ए विंगमधली मराठी मावशी पाच वर्षं करते, एकही पैसा जास्त मागत नाही. म्हणून ती एकदा बसली चौकटीवर, चक्कर आली, तेव्हापासून करत नाही. कामावरून काढतील या भीतीनं रोज काही ना काही कारण सांगून दिवस ढकलते.

दोघी गेटाशी उभ्या राहिल्या. वॉचमननं बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा बाजूला झाल्या. पण बोलत राहिल्या.

पुढच्या दहा दिवसांत त्या दोघी आणि ताई मिळून आजूबाजूच्या चार सोसायट्यांच्या गेटांवर फिरल्या. जालन्याच्या, नांदेडच्या, कोकणातल्या, कलबुर्गीच्या, माल्द्याच्या बायका. प्रत्येकीला कुठल्या तरी दुसरीचं नाव सांगितलेलं होतं. शेवटी एका रविवारी, तीन ते चारच्या त्याच तासात, सगळ्यांनी मिळून एक चिठ्ठी केली. मराठीत, हिंदीत, बंगालीत. मजकूर हाँगकाँगच्या कलमावरून घेतलेला, आपल्या शब्दांत. काच आतून आम्ही पुसू. बाहेरून पुसायची तर ग्रिल बंद हवं आणि लांब दांडीचा वायपर हवा. हात सोडून अंग खिडकीबाहेर नेणार नाही. एकीला या कारणानं काढलं तर तिच्या जागी आमच्यातली कुणी जाणार नाही.

शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण ती हाँगकाँगकडून आलेली नव्हती, आणि तिची किंमत कुणाला तरी द्यावी लागणार होती.

ती कलबुर्गीच्या बाईला द्यावी लागली. बावीस माळ्यांच्या इमारतीत तिचं एक घर सुटलं. बायकांनी त्या महिन्याचे तिचे पैसे आपसांत जमवले, कुणी पन्नास, कुणी शंभर. त्या घराला काम करणारी मिळाली, पण बाहेरून, एजन्सीकडून, आणि जास्त पैसे घेऊन. ते घर तिला परत मिळालं नाही. एका घराचं नुकसान म्हणजे काय हे ज्या घरात महिन्याचा हिशोब पाच घरांवर चालतो त्यालाच कळतं. ती बाई तरीही वर्गाला येत राहिली, आणि तिच्याशिवाय ती चिठ्ठी नुसता कागद राहिली असती.

बाकीच्या घरांत निभावलं. काही ठिकाणी कुरबुर झाली, काही ठिकाणी वायपर आला. एकोणिसाव्या माळ्यावरच्या वहिनीनं चिठ्ठी वाचली, ती खिडकीशी गेली, चौकटीवर हात ठेवून पहिल्यांदा तिनं स्वतः खाली वाकून बघितलं आणि मागे सरली. “अगं, तू इथं बसत होतीस?” एवढंच म्हणाली. पाच वर्षं ती तिथंच उभी राहून सांभाळून म्हणत आली होती.

दिवाळीनंतरच्या वर्गात हाँगकाँगच्या बाईनं विचारलं, “तुमच्याकडून आम्हाला काय?”

मावशी गडबडली. आपण घेणारे, ते देणारे, असंच ती धरून चालली होती. ताईनं तिला पुढे केलं. “पुण्याचं सांग.”

मग मावशीनं सांगितलं. ताईकडून ऐकलेलं, पण आता स्वतःच्या शब्दांत. १९८० मध्ये पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी आपणहून संप केला. कुणी पुढारी नव्हता, आधी संपच झाला, आणि त्यातून लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या साथीनं पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, दिवाळीला बोनस, कामानुसार ठरलेला दर, हे त्या बायका कायदा नसताना गल्लीगल्लीत बोलून मागत गेल्या. आज महाराष्ट्रात कितीतरी घरांत दिवाळीला मोलकरणीला पगाराएवढे पैसे द्यायची रीत आहे. मालक समजतात ती आपली दानत. काही अंशी असेलही. पण ती मागायला कुणीतरी आधी दारात उभं राहिलं होतं.

“कायदा नसताना?” आफ्रिकेतल्या बाईनं परत विचारलं.

“कायदा नसताना,” मावशी म्हणाली. “कायदा नंतर येतो. आमचा अजून पुरता आलेला नाही.”

हाँगकाँगच्या बाईनं पुठ्ठ्यावर वही ठेवून ते लिहून घेतलं. दर कसा ठरवतात, घराच्या आकारावर की माणसांवर, भांड्यांचे वेगळे आणि कपड्यांचे वेगळे का, असं ती खोदून खोदून विचारत राहिली. मावशी वहीतले आकडे वाचून दाखवत राहिली. त्या दिवशी चारचे साडेचार झाले आणि संध्याकाळच्या पहिल्या घरी ती उशिरा पोचली. बोलणी खाल्ली.

एकोणिसाव्या माळ्याच्या काचा आता दोरीवाले पुसतात. सोसायटीनं कंत्राट दिलंय. गच्चीवरून दोर सोडून दोन पोरं लोंबकळत उतरतात, कमरेला पट्टा, हातात फडकं. मावशी आतून भांडी घासताना त्यांना बघते. एकदा तिनं खिडकी उघडून एकाला पाणी दिलं आणि विचारलं, वर दोर किती जणांनी धरलाय, पट्टा कुणाचा, कंपनीचा की तुझा. पोरगा झारखंडचा. पट्टा सेकंडहँड घेतलेला, त्याच्याच पैशानं.

रविवारी तीन वाजता मावशीनं हे वर्गात सांगितलं. आपली काच आपण सोडली आणि ती कुणाच्या गळ्यात पडली, हा प्रश्न तिचा होता. ताईच्या यादीत तो नव्हता. दोरीवर काम करणाऱ्यांच्या संघटना कुठल्या देशात आहेत, त्यांचे पट्टे कोण तपासतं, एका दोरावर किती जण, हे शोधायचं काम आफ्रिकेच्या बाईनं घेतलं. हाँगकाँगची म्हणाली, तिच्या इमारतीतल्या दोरीवाल्यांना ती विचारते. आणि मावशीनं सांगितलं की तो पोरगा कुठं राहतो ते तिला माहीत आहे, कापूरबावडीच्या पलीकडे, दहा जण एका खोलीत. पुढच्या रविवारी ती त्याला फोनसमोर बसवणार आहे. हिंदीत सांगणाऱ्याची त्याला गरजही पडणार नाही.